जावयाला जाहीर पाठिंबा

माझा थोरला भाऊ राजकारणात आहे असं आम्ही घरचे सांगतो. राजकारणाला ते अजून कळलेलं नाही. औरंगपुऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका बंद दुकानाची पायरी आहे, तिथं दादा सकाळ-संध्याकाळ बसलेला असतो. शहराचं नाव बदललं, पण दादाची पायरी बदलली नाही आणि पक्षही बदलला नाही. तरुणपणी खांद्यावर घेतलेला झेंडा त्यानं अजून खाली ठेवलेला नाही. या सगळ्या काळात त्याला तिकीट मिळालं नाही, पद मिळालं नाही, आणि एकदा बूथप्रमुख व्हायची वेळ आली तेव्हा नेत्याला आपला साडू आठवला. पण एक गोष्ट दादाच्या हातून कुणी काढून घेऊ शकलं नाही, ती म्हणजे जाहीर पाठिंबा.

निवडणूक लागली की आमच्याकडे जो तो कुणाला ना कुणाला जाहीर पाठिंबा देतो. समाज देतात, रिक्षावाल्यांची संघटना देते, गणेश मंडळ देतं. दादा 'समस्त गल्लीच्या वतीने' देतो. गल्लीला त्यानं कधी विचारलेलं नाही, कारण विचारलं तर गल्ली फुटेल असं त्याचं म्हणणं. तो सरळ गुलमंडीत जातो, फ्लेक्स छापून आणतो आणि गल्लीच्या तोंडाशी बांधतो. वर नेता, मध्ये उमेदवार, आणि तळाला छोट्या छोट्या चौकटींत शुभेच्छुकांची तोंडं. त्या तळाच्या रांगेत कोण कुणाच्या शेजारी बसवायचा यावर दादानं जेवढं डोकं खर्च केलंय, तेवढं पोरीच्या शिक्षणावर केलं नसेल. भांडण झालं की माणूस रांगेतून जातो, समेट झाला की परत येतो. कुणाचं दादाशी सध्या कसं आहे हे आम्ही फ्लेक्सवरून ओळखतो.

मध्यंतरी त्याचा पक्ष फुटला. दोन्ही तुकडे स्वतःला मूळ पक्ष म्हणवू लागले, त्यामुळे दादाला बरेच महिने रोज सकाळी उठून आपण नक्की कुठं निष्ठावंत आहोत हे ठरवावं लागलं. शेवटी त्यानं एक तुकडा धरला. बरोबरचे बहुतेक लोक दुसरीकडे गेले. तेव्हापासून दादा माणसं दोनच जातींत मोजतो, निष्ठावंत आणि फुटलेले.

त्याची एकुलती एक मुलगी, म्हणजे माझी भाची, शिकायला अमेरिकेत गेली आणि तिथंच नोकरीला लागली. तिनं तिथल्याच एका माणसाशी लग्न केलं. माणूस शाळेत गणित शिकवतो, स्वयंपाक करतो, आणि काळा आहे. अमेरिकेत काळा म्हणतात त्या अर्थानं काळा. दादा लग्नाला गेला नाही. पासपोर्ट नव्हता हे खरं, पण तो काढायलाही गेला नाही. वहिनी स्वयंपाकघरात दार लोटून मोबाइलवर लेक-जावयाला बघून घ्यायची. घरात लग्नाचा फोटो लागला नाही. गल्लीत कुणी 'जावई काय करतेत' म्हणून विचारलं की दादा 'असतेत तिकडं अमेरिकेत' म्हणायचा आणि नळाला पाणी कधी येणार हा विषय काढायचा. आमच्या शहरात पाण्याचा विषय निघाला की बाकीचे विषय आपोआप संपतात.

गेल्या खेपेला अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होती आणि इकडं आपल्या राज्याचीही, आणि दोन्हींच्या तोंडावर दिवाळी. त्या दिवाळीच्या आधी भाचीचा मला फोन आला.

"आत्या, आम्ही दोघं येतोय. पन उतरनार तुझ्याकडं."

"माहेर सोडून माझ्याकडं कशाला?"

"बाबांनी गल्लीत चार लोकांसमोर ह्याला आपला जावई म्हटलं तर जाईन घरी. नाय म्हटलं तर तुझ्याकडनंच परत जाईन. आन् मंग पुन्हा येनं नाय."

आवाज चढवला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. ती दादाची मुलगी आहे, एकदा बोलली की फिरत नाही. वहिनीला मी यातलं काही सांगितलं नाही. तिनं अनारशाचं पीठ करून ठेवलं होतं आणि जावयाच्या मापाचा सदरा कसा शिवायचा याची काळजी करत होती.

मी हर्सूलच्या माझ्या घरून रिक्षा करून पायरीवर गेले. दादाच्या तोंडावर कळा नव्हती. आचारसंहिता लागली होती आणि महापालिकेच्या लोकांनी गल्लीच्या तोंडचा फ्लेक्स उतरवून नेला होता. मी भाचीचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं.

दादा म्हणाला, "तू म्हनतीस ते बरोबर हाय. पन लोक काय म्हनतील?"

माझा स्वभाव तसा शांत नाहीच. मी म्हटलं, "दादा, ज्याला स्वतःची बायको मत देत नाय असल्या उमेदवाराला तू जाहीर पाठिंबा दिलास. फोटो लावलास, हार घातलास. मंग जावयानं काय घोडं मारलंय?"

"तसं नाय गं."

"मंग कसं? आपल्या घरात कोन गोरं हाय ते तरी सांग. तू हायस का मी? मला बघायला आलेले लोक माझा रंग बघून चहा न घेता उठले, तवा चप्पल घेऊन त्यांच्यामागं कोन पळालं होतं?"

दादा हसला नाही. "ती गोष्ट येगळी," तो म्हणाला. "तू आपली व्हतीस."

"आन् हा?"

त्यावर त्यानं विचारलं, "तुमच्याकडं पानी आलं का गं?"

पोरं आली. जावई इतका उंच की माझ्या घरच्या पंख्याची मला काळजी वाटली. बोलणं हळू, हसणं मोकळं. येताच त्यानं मला विचारून माझी भाजी फोडणीला टाकली आणि ती बरी झाली, हे मला मान्य करावं लागलं. भाचीनं त्याला काही शब्द शिकवले होते, त्यातला 'बरं हाय' त्याला फार आवडायचा. चहा दिला, बरं हाय. वीज गेली, बरं हाय.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा एकटा आला. वहिनीनं दिलेला चिवड्याचा डबा हातात होता, त्यामुळे आपण फक्त डबा द्यायला आलोय असं त्याला म्हणता येत होतं. जावई पाया पडायला वाकला तेव्हा दादा मागं सरकला, आणि मग सोफ्याच्या अगदी कडेला टेकला. विरोधी उमेदवाराच्या घरी चहाला गेला की तो असाच बसतो. मी चहा केला. चहा संपला. भाची खाली मान घालून नखं बघत होती. पाण्याचा विषय काढावा तर जावयाला आमच्या पाण्याची गंमत ठाऊक नव्हती. शेवटी दादानं त्याला येणारा दुसरा विषय काढला.

"विचार त्यांना," तो मुलीला म्हणाला, "तिकडं निवडनूक हाय म्हनं. त्यांच्या समाजाची मतं कुनीकडं हायेत?"

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. भाचीचे कान लाल झाले. पण तिनं विचारलं, एक शब्द इकडचा तिकडं न करता.

जावई आधी हसला, मग मांडी घालून नीट बसला आणि सांगायला लागला. भाची मराठीत करून देत होती. त्याची आजी तरुण होती तेव्हा त्यांच्या भागात काळ्या माणसाला मताच्या यादीत नाव लावू देत नसत. कचेरीत गेलं की तिथला माणूस भलतेसलते प्रश्न विचारायचा, उत्तर आलं तरी नापास करायचा आणि घरी पाठवायचा. आजी पुन्हा जायची. शेवटी नाव लागलं. ज्या पक्षामुळं आपलं नाव लागलं असं तिला वाटलं, त्या पक्षाला ती मरेपर्यंत मत देत राहिली. पुढं त्या पक्षानं बऱ्याच गोष्टी केल्या नाहीत, तरी दिलं. आजारी असताना चाकांच्या खुर्चीवरून जाऊन दिलं.

दादा रिकामा कप हातात धरून ऐकत होता. "पद मिळालं का काही आजीला?"

"नाय मिळालं," भाचीनं विचारून सांगितलं.

"नायच मिळनार," दादा म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "निष्ठावंताला देत नसतेत."

मग त्याचे प्रश्न सुरू झाले. उमेदवार आजीच्या घरी यायचे का? घरी नाही, पण निवडणुकीच्या तोंडावर रविवारी चर्चमध्ये यायचे, लोकांबरोबर जेवायचे, म्हाताऱ्यांचे हात हातात घ्यायचे. मग तिथले पाद्री सगळ्यांसमोर उभं राहून त्यांचं नाव घ्यायचे.

"म्हंजे जाहीर पाठिंबा," दादा माझ्याकडं बघून म्हणाला. "आन् निवडून आल्यावर येतेत का जेवायला?"

जावयानं नाही म्हणून मान हलवली. "बरं हाय," तो म्हणाला, आणि दादा इतका हसला की त्याला ठसका लागला.

पुढं कळलं की जावयाचा धाकटा भाऊ यंदा दुसऱ्या पक्षाकडं गेलाय. आई त्याला सणाला जेवायला बोलावते, पण वाढताना त्याच्याशी बोलत नाही. दादानं हळहळून विचारलं, "फुटला म्हना की. काय मिळालं का त्याला?" हे भाचीनं जावयापर्यंत पोचवलं नाही.

"आन् तुमी?" दादानं विचारलं. भाचीला तिथं अजून मत नाही, घरात मत एकट्या जावयाचं. तो म्हणाला, निघायच्या आधीच टपालानं मत पाठवून आलोय. टपालानं मत दिलं तर बूथवरच्या पोरांना काम काय राहतं, हे दादाला समजून घ्यायला वेळ लागला. मग त्यानं मूळ प्रश्न पुन्हा टाकला. मत दिलं कुणाला?

"मलाबी सांगितलं नाय त्यानं," भाची म्हणाली.

जावई इंग्रजीत सावकाश काही बोलला. भाचीनंही सावकाश सांगितलं, "तो म्हनतो, माझं तोंड बघूनच लोक माझं मत मोजून टाकतेत. कुनी विचारतच नाय. म्हनून मी सांगत नाय."

दादानं हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाला, "सांग त्यांना. हितं आडनाव सांगितलं की आमचंबी मत मोजतेत."

तो उठला तेव्हा जावई पुन्हा वाकला. या वेळी दादा मागं सरकला नाही. जिन्यात मला एवढंच म्हणाला, "मानूस पोटातलं सांगत नाय. राजकारनात टिकंल." भाची वर दारात उभी होती. तिला जे ऐकायचं होतं ते हे नव्हतं, आणि ते तिच्या तोंडावर दिसत होतं. मला दादाचा राग आला. हसला, ठसका लागेपर्यंत हसला, आणि गल्लीत चल असं काही म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला, गुलमंडीत ये म्हणून. मी शाळेत मराठी शिकवायचे, त्यामुळे फ्लेक्सवरचं शुद्धलेखन बघायला मला नेहमीच बोलावणं असतं. मी म्हटलं, आचारसंहितेत कसला फ्लेक्स?

"हितल्या निवडनुकीचा हाय का? अमेरिकेच्या निवडनुकीचा हाय. तिला हितली आचारसंहिता लागत नाय."

मी रिक्षा करून गेले. फ्लेक्सवाले भाई दादाच्याच वयाचे. पूर्वी भिंतीवर उमेदवारांची नावं रंगवायचे, आता कॉम्प्युटरवर बसतात. दादाचा प्रत्येक पाठिंबा त्यांच्याच हातून गेलेला. नेता नको, चिन्ह नको, रांग नको, असं दादानं सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. एवढी मोठी जागा रिकामी ठेवायची त्यांना सवय नव्हती. मग दादानं खिशातून मोबाइल काढला. त्यात जावयाचा फोटो होता. आदल्या रात्री वहिनीला सांगून लेकीकडून मागवून घेतला होता, कशाला ते न सांगता. "हा येक आन् माझा येक," दादा म्हणाला. "शेजारी शेजारी. मोठे."

मी खुर्ची ओढून बसले. डोळ्यांत आलेलं त्याला दिसू नये म्हणून विचारलं, "पाठिंबा कुनाला देतोस पन?"

"तीच तर अडचन हाय. मानूस सांगत नाय."

बराच खल झाला. शेवटी मजकूर ठरला तो असा: 'अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत आमच्या जावयांनी ज्यांना मत दिले त्यांना जाहीर पाठिंबा.' शुद्धलेखनात मला काही चूक काढता आली नाही.

भाईंनी फोटो बसवले, जरा वेळ माऊस फिरवला आणि पडदा आमच्याकडं वळवला. दादा नेहमीसारखा दिसत होता, म्हणजे गोरापान, गालावर लाली, दुधावर वाढल्यासारखा. फ्लेक्सवर आमच्या शहरात सगळेच असे दिसतात. त्याच्या शेजारी तसाच एक गोरापान माणूस हसत होता, आणि तो कोण हे मला ओळखता आलं नाही.

दादा पडद्याजवळ गेला. "ह्यो कोन?"

"जमाई," भाई म्हणाले.

"ह्यो माझा जावई नाय."

मला वाटलं, झालं, इथपर्यंत येऊन हा माणूस परत फिरला.

"भाई, मेरा जमाई काला है," दादा म्हणाला. "जैसा है वैसा छापो."

भाईंना ते पटेना; चेहरा उजळण्याला ते 'खोलना' म्हणतात. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. "दादा, सबका चेहरा खोलता मैं. आपका खोल्या, मेहमान का नै खोल्या, तो उनकू बुरा नै लगेंगा? बोलेंगे, ससुर गोरा और मेरेकू काला छाप्या."

दादानं विचार केला. मला वाटतं, आयुष्यभर फ्लेक्स लावून त्यानं एवढा विचार कधी केला नसेल.

"फिर मेराबी उतारो," तो म्हणाला.

"आपका?"

"हौ. जैसा है वैसा."

भाईंनी माऊस उलटा फिरवला. पडद्यावर हळूहळू माझा भाऊ आला, उन्हात पायरीवर बसून रापलेला, डोळ्यांखाली सुरकुत्या, आमच्या वडिलांसारखा.

पाडव्याला सकाळी मी पोरांना रिक्षात घालून औरंगपुऱ्यात नेलं. वहिनीनं फराळाला बोलावलंय, एवढंच सांगितलं होतं. भाची निघताना म्हणाली होती, "खाऊन लगेच परत येऊ, आत्या," आणि बॅगा माझ्याच घरी ठेवल्या होत्या. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा पुढं जाईना, कारण फ्लेक्सखाली माणसं उभी होती. भाची उतरली आणि वर बघत राहिली. जावयाला अक्षरं वाचता येत नव्हती, पण स्वतःचा फोटो ओळखता येत होता. तो भाचीला काहीतरी विचारत होता आणि भाची मजकूर पुन्हा पहिल्यापासून वाचत होती.

दादा पायरीवर होता, नवा सदरा घालून. समोरचा किराणा दुकानदार गल्लीतला सगळ्यात खवचट माणूस, आणि पक्ष फुटला तेव्हा तो दुसरीकडं गेलेला. तो दुकानातून बाहेर आला, फ्लेक्स निरखून बघितला, खाली उभ्या जावयाकडं बघितलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दादा, जावई तर वळखला. पन शेजारी काळासावळा मानूस कोन उभा हाय? तुमचा फोटो छापायचा राहिला वाटतं."

लोक हसले. दादा उठला, पायरी उतरला आणि जावयाच्या शेजारी येऊन उभा राहिला. तो जावयाच्या खांद्यालाही लागत नव्हता.

"तो व्हय?" दादा म्हणाला. "तो जावयाचा सासरा."

भाची माझ्याकडं वळली. "आत्या, तुझ्या घराची किल्ली दे," ती म्हणाली. "बॅगा आनायच्यात."